घरी बनवायच्या उंच खुर्चीचा आराखडा
बाळाच्या जेवणाच्या खुर्चीचा हा आराखडा स्क्रूंऐवजी पारंपरिक खाच-कुसू सांध्यांवर (एका लाकडाचे बारीक केलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्या लाकडातल्या खाचेत बसवलेला जोड) आधारलेला आहे आणि तेच त्याचे खरे बळ आहे. बाळ पुढे-मागे झुलते तेव्हा पायांच्या सांध्यांवर वारंवार ताण येतो. कुसवाची जाडी लाकडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवून त्याचे खांदे (कुसवाच्या मुळाशी दुसऱ्या लाकडाला टेकणाऱ्या सपाट कडा) पटाशीने नेमके जुळवले, तर हा ताण केवळ सरसावर न पडता लाकूडही पेलते. फाकवलेल्या पायांमुळे तोल चांगला राहतो, मात्र खांदे तिरके कापावे लागत असल्याने नवशिक्याने आधी टाकाऊ लाकडावर सराव करावा. पाय टेकवण्याची फळी सोयीची आहे. बाळाला बांधायच्या पट्ट्याची जागा मात्र आराखड्यात दाखवलेलीच नाही. ही मला गंभीर उणीव वाटते, कारण निव्वळ ट्रेच्या भरवशावर बाळ सुरक्षित राहत नाही.