जुना ऑइल कूलर नवा म्हणून माथी मारला, बंपरही खोटाच निघाला

माझी होंडा सिटी १.५ व्हीटेक रेसिंग ट्रॅकसाठी तयार करताना ऑइल कूलर (इंजिनाचे तेल थंड ठेवणारा) आणि समोरचा बंपर या दोन वस्तूंच्या खरेदीत माझे ३२,५०० रुपये तर गेलेच, शिवाय इंजिनही उघडावे लागले. नाशिकमध्ये ज्यांची अशी गाडी तयार होत आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा, तेलाच्या दाबावर चालते. ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या आरपीएमला फिरत राहिले की तेल तापून पातळ होते, दाब उतरतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटू लागतो. म्हणून कूलर ही माझ्या दृष्टीने हौसेची नव्हे, तर गरजेची वस्तू होती. शहरातल्याच एका विक्रेत्याने परदेशी कंपनीच्या खोक्यातला, पट्ट्यापट्ट्यांचा कूलर १८,५०० रुपयांना दाखवला आणि म्हणाला, “दादा, माल ओरिजनल आहे, बिनधास्त घ्या.” बंपरचे १४,००० रुपयेही त्याने आगाऊ घेतले. पावती म्हणून जीएसटी क्रमांक नसलेला ‘एस्टिमेट’चा कागद हातात ठेवला, आणि तो मी घेतला.

बंपर मात्र आज देतो, उद्या देतो असे करत, गाडी ट्रेलरवर चढवायच्या आदल्या संध्याकाळी आला. घाईत आम्ही तो बसवून टाकला. आता विचार करता, तपासायला वेळच मिळू नये म्हणूनच हा उशीर केला होता, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चौथ्याच फेरीत तेलाचे तापमान १३० अंशांच्या वर गेले. मी लगेच गाडी आत घेतली. बंपरच्या खालच्या भागात डावीकडे, कूलरच्या बरोबर समोर, जाळी लावलेले मोठे तोंड होते. जाळीतून बोट घातले तर ते अर्ध्या इंचावर अडले, कारण मागे काळा रंग दिलेली फायबरची सलग भिंत होती. कूलरला वारा लागतच नव्हता. एबीएस प्लास्टिकचा म्हणून विकलेला तो बंपर आतून पाहिला असता, तर फायबरच्या चटईचे धागे आणि कडांना भरलेली पुटी तेव्हाच दिसली असती. बंपर घेताना प्रत्येक तोंडातून हात आरपार जातो का हे पाहावे, आणि आत आलेल्या हवेला कूलरच्या मागून बाहेर पडायला वाट आहे का तेही पाहावे. ती वाट नसेल, तर समोरचे तोंड कितीही मोठे असले तरी हवा कूलरमधून पुरेशी जात नाही.

खरे नुकसान नाशिकला परतल्यावर कळले. मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापला, तेव्हा त्याच्या कागदाच्या घड्यांमध्ये चकचकीत कण अडकलेले होते. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये कूलर करवतीने उभा कापून घेतला. पट्ट्यांच्या आत काळा गाळ आणि त्यात तेच कण होते, म्हणजे हा कूलर आधी एखाद्या बेअरिंग गेलेल्या इंजिनावर होता, आणि तिथला धातूचा चुरा माझ्या तेलात उतरला होता. फिल्टरने सगळे अडवले नव्हते. दोन बेअरिंगवर ओरखडे होते. असा कूलर कितीही धुतला तरी आतल्या बारीक वाटांतला चुरा पूर्ण निघण्याची खात्री नसते, म्हणून वापरलेला कूलर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

खुणा तेव्हाही समोर होत्या. नव्या कूलरच्या तोंडांना टोपणे असतात. याची तोंडे उघडी होती, आट्यांच्या कडांवर पान्याचे वण होते आणि जाळीच्या फटींत रंगाचे थेंब सुकलेले होते. आत थोडे रॉकेल ओतून, हलवून, पांढऱ्या कापडावर गाळले असते, तर बराचसा उलगडा दुकानातच झाला असता.

विक्रेत्याने “दोष तुमच्या इंजिनाचा” म्हणून हात झटकले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पक्के बिल नसल्याने यूपीआयची नोंद आणि चॅट यांवरच माझी भिस्त आहे. कापलेल्या कूलरचे दोन्ही तुकडे आणि फिल्टरचा कागद मी तारखेसह फोटो काढून, पिशवीत बंद करून ठेवले आहेत.