दोन टिंबांनी चार रात्री फुकट दिल्या: पीएचपीचं ‘इन्क्लूड’, नऊ महिने वापरून

चवथीच्या आदल्या दिवशी स्टुलावर उभा राहून माटोळीला (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) सुपारीचा घड बांधत होतो, तेवढ्यात आतेभावाचा, म्हणजे दादाचा फोन. गोव्यात केरीला त्याचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे आणि वेबसाइट माझ्या गळ्यात. “पुण्याच्या पाहुण्यांना चार रात्रींचं बिल शून्य रुपये गेलंय. माझ्या नावाने धर्मशाळा उघडलीस काय रे?”

डिसेंबरात परिस्थिती उलट होती. साइटची चौदा पानं, प्रत्येकात हेडर-फूटर, म्हणजे वरची-खालची पट्टी, चिकटवलेले. दादाने फोन नंबर बदलला तेव्हा चौदा ठिकाणी बदलायला बसलो आणि दोन पानं राहिलीच. त्या रात्री सगळं एका फाइलीत काढून इन्क्लूड केलं. वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेतली ही आज्ञा, एका फाइलीत दुसरी फाइल आणून बसवते. नंतर नंबर बदलायला एक मिनिट. पहिले चार महिने मी इन्क्लूडचा भक्त होतो.

मग एप्रिलमध्ये खोल्यांची पानं वेगळ्या फोल्डरात हलवली आणि मेनू गायब. हेडरमध्ये मी मेनूची फाइल ‘../’, म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’, लावून मागवली होती. मला वाटायचं, रस्ता हेडरच्या जागेपासून मोजला जातो. तसं नाही. सुरुवातीला टिंबं असली की पीएचपी चालू वर्किंग डिरेक्टरीपासून (प्रोग्राम त्या क्षणी ज्या फोल्डरात उभा असतो तिथून) मोजतं, आणि ब्राउझरातून आल्यावर ती असते मूळ पानाच्या फोल्डरात. गंमत म्हणजे टिंबं काढून नुसतं फाइलीचं नाव लिहिलं, तर इन्क्लूड-पाथमध्ये (पीएचपीला शोधायला नेमून दिलेल्या फोल्डरांत) न सापडल्यावर ते हेडरच्या स्वतःच्या फोल्डरातही शोधतं. म्हणजे शेजारचीच फाइल साध्या नावाने सापडते, पण नीट पत्ता दिला की हरवते! म्हापशाच्या बाजारात घर विचारल्यासारखं. मी तेवढं एक पान दुरुस्त केलं आणि पुढे गेलो. तिथेच चुकलो.

बिलाची स्क्रिप्ट मी रोज सकाळी ब्राउझरात उघडून चालवायचो. आठ महिने बिनतक्रार. चवथीच्या गडबडीत कोण उघडणार, म्हणून क्रॉनवर टाकली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सर्व्हरच्या गड्यावर. क्रॉन सुरू होतो होम फोल्डरात, आणि कमांड लाइनवरचं (ब्राउझराशिवाय चालणारं) पीएचपी स्क्रिप्टच्या फोल्डरात आपणहून जात नाही. दरांची फाइल दोन टिंबांनी मागवलेली, ती सापडली नाही. इन्क्लूडने इशारा दिला आणि काम पुढे चालू ठेवलं. दर रिकामा, रिकाम्याला चारने गुणलं की शून्य. तो इशारा क्रॉनने मला मेल केला असता, पण मेलबॉक्स भरू नये म्हणून सगळं आउटपुट मीच डेव्ह-नलमध्ये, सर्व्हरच्या कचरापेटीत, सोडलेलं. फुकटचा मेलबॉक्स, त्याचीही काटकसर.

होस्टिंगवाल्यांशी चॅटवर भांडलो ते वेगळंच. लाइट दोनदा गेली, दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं. उत्तर काय, तर मेमरी कमी पडतेय, दुप्पट किमतीचा प्लॅन घ्या. चूक माझी निघाली हे खरं, पण माफी मागायला मी काही परत गेलो नाही.

उपाय एका ओळीचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं ‘डीआयआर’ पत्त्याच्या आधी लावायचं. ज्या फाइलीत ते लिहिलंय तिचं फोल्डर मिळतं, कोणी कुठूनही बोलावो. 2009 पासून, पीएचपी 5.3 मध्ये आलेली सोय, आणि मी तरी टिंबं मोजत बसलो. त्याच्या शेवटी स्लॅश नसतो, तो आपण घालायचा. पहिल्यांदा मी विसरलो, अर्थातच.

शिवाय रागाच्या भरात साइटभर इन्क्लूड पुसून ‘रिक्वायर’ केलं. फाइल नाही तर काम बंद, शून्याचं बिल जाणारच नाही. आठवडाभर मी हेच सगळ्यांना सांगत होतो. मग तेरेखोलच्या फेरीबोटीबद्दलची पावसाळी सूचना जुनी झाली म्हणून तिची फाइल उडवली, आणि मुखपृष्ठ अर्ध्यावर तुटलं. एका सूचनेपायी खोल्यांचे फोटोही गेले. आता दर आणि डेटाबेस रिक्वायरने, सूचना इन्क्लूडनेच. टिंबं मात्र कुठेच नाहीत.

‘वन्स’वाली जोडी (इन्क्लूड-वन्स आणि रिक्वायर-वन्स, फाइल एकदाच आणणारी) फंक्शनांच्या फाइलींना ठीक, तीच फाइल दुसऱ्यांदा आली तरी साइट कोसळत नाही. प्रत्येक खोलीसाठी तीच कार्डाची फाइल पुन्हा पुन्हा आणणाऱ्या लूपमध्ये लावू नका. मी लावलं होतं, सहा खोल्यांपैकी एकच दिसली. दादाला वाटलं बाकीच्या भरल्या. खूश होता संध्याकाळपर्यंत.

पुण्याच्या पाहुण्यांनी पैसे पूर्ण दिले. दादाने मात्र माझ्या वार्षिक मानधनाचे काजू या वेळी अर्धाच किलो पाठवले.