नवी पॉइंट टू-टू: आन्शुट्झ १९१३ कशी आहे आणि तिच्यावर काय काय करावं लागतं

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून ओळखीचे लोक विचारायला लागलेत, "मॅडम, पॉइंट टू-टूची रायफल घ्यायची तर कुठली घ्यावी?" राधानगरी तालुक्यातल्या पोरानं एवढं करून दाखवल्यावर विचारणारच. (तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची (नुसतं पालथं पडून मारायच्या प्रकाराची) वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, तेव्हा मात्र मला एकाही शेजाऱ्यानं काही विचारलं नव्हतं. असो.) तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. मी बँकेत नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी बालेवाडीला प्रोन मारते आणि वर्षानुवर्षं क्लबच्या रायफलीवर काढल्यावर स्वतःची घेतली आहे. आन्शुट्झ, ५४ ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग), १९१३ ची जाड बॅरल, ॲल्युमिनियमचा स्टॉक (दस्ता).

एनसीसीत आपण सगळ्यांनी जी डिलक्स रायफल धरलेली असते, तिच्याशी हिचं नातं फक्त गोळीपुरतं. ६९ सेंटिमीटरची बॅरल, एका वेळी एकच गोळी, मॅगझिन नाही. नियमात सगळ्या सामानासकट ८ किलो चालतात, त्यामुळे वजनं लावायला जागा उरते. कंपनी १८५६ ची, मूळची मेलिस गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर उल्मला गेली. वाल्थरचंही तसंच, झेलातून निघून उल्मलाच. म्हणजे दोन्ही घराणी आधीही शेजारी आणि नंतरही शेजारी. यातली कुठली चांगली, यावर रेंजवर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. मला विचाराल तर जिचा ग्रिप हातात बसला ती.

आता मुद्द्याचं. नवी रायफल हातात आली की जो तो "ट्यूनिंग" करायला बसतो. ट्रिगर उघडतो, बॅरलवर वजनं सरकवतो, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघतो. माझं मत विचाराल तर या रायफलीत रायफल म्हणून सुधारण्यासारखं फारसं काही नसतं. सोबत कारखान्यातलं टेस्ट टार्गेट येतं, ते बघा आणि गप्प बसा. काम असतं ते दोनच ठिकाणी: तुमचं शरीर आणि गोळ्यांचा लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप).

ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे आणि कारखान्यातून साधारण शंभर ग्रॅमच्या ओढीवर लावलेला येतो. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची अट असते, ५० मीटर रायफलीला किमान वजनच नाही, म्हणून पोरं तो आणखी हलका करत सुटतात. मी वजनाला हात लावला नाही. फक्त ट्रिगरचं पान रुळावर मागे घेतलं, कारण माझी बोटं आखूड आहेत आणि पेराऐवजी बोटाचं टोक लागत होतं. पहिला टप्पा संपल्यावर जी भिंत लागते ती मात्र अशी स्वच्छ आहे की क्लबच्या जुन्या रायफलीवर परत गेलं की चिखलात पाय घातल्यासारखं वाटतं.

शरीराचं काम वेळखाऊ. बटप्लेटची (खांद्याला टेकते ती) लांबी, तिची उंची, चीकपीस (गाल टेकवायचा), हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा), स्लिंगची (दंडाला बांधायच्या पट्ट्याची) ओढ, यातलं एक हललं की बाकीची सगळी बोंबलतात. म्हणून एका बैठकीत एकच स्क्रू, हा माझा नियम. सुरुवात मी बटप्लेटपासून करते. जॅकेट घालून, स्लिंग लावून, मॅटवर पडून डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. फोरसाइटची (बॅरलच्या टोकावरच्या साइटची) रिंग टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर हवी. उजवी-डावीकडे असेल तर अख्खं अंग डाव्या कोपराभोवती फिरवायचं, हातानं रायफल ढकलायची नाही. वर-खाली असेल तर हँडस्टॉप पुढे-मागे. माझा हँडस्टॉप दोन खाचा मागे आला तेव्हा कुठे डाव्या हाताच्या मुंग्या थांबल्या. चीकपीस इतका वर घेतला की गाल नुसता टेकवला तरी डोळा साइटच्या मधोमध येतो, मान ताणावी लागत नाही. जागा पक्की झाली की प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा धातूवर. स्क्रू सैल झाला की ठिपका तुटलेला दिसतो. आमचे सर आधी हसले होते, आता त्यांच्या रायफलीवर लाल ठिपके आहेत.

ॲक्शनचे दोन स्क्रू टॉर्कच्या पान्यानंच आवळा. माझे ५ न्यूटन मीटरवर आहेत. हा पाना मला वेगळा घ्यावा लागला. खोक्यातली ॲलन कीची जुडी तर आलीच नव्हती. देणाऱ्यानं "मागवून देतो" म्हटलं, तो अजून मागवतोय.

आणि आता गोळ्या. इथे खरे पैसे जातात आणि इथेच जावेत. पॉइंट टू-टूच्या मॅच गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, म्हणजे उडताना गोळी ती सीमा ओलांडत नाही आणि डगमगत नाही. पण एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची गोळी असली तरी लॉट बदलला की ग्रुप (कागदावर भोकं किती जवळजवळ पडतात ते) बदलतो. एक बॅरल जो लॉट आवडीनं खाते तो दुसरीला चालत नाही. परदेशातले नेमबाज थेट कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात, गोळ्या बनवणाऱ्या लापुआची जर्मनीत शोनेबेकला आहे. तिथे रायफल शिकंजात धरून लॉटमागून लॉट तपासतात आणि जो बसला तो पेट्यांनी उचलतात. आपल्याला लायसन्सवर, मर्यादेत, आयात केलेला जो मिळेल तो. तरीही आपल्यापुरती चाचणी करता येते. वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी आणा, सकाळी वारा पडलेला असताना टेकू लावून मारा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशोबात धरू नका, बॅरलमध्ये आधीच्या गोळीचं वंगण असतं. मग दहा-दहाचे ग्रुप.

मोजायचं कसं? दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची, आणि गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा. म्हणजे गोळ्यांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात राहिले तर सगळे दहा. व्हर्निअरनं ग्रुपच्या बाहेरच्या कडा मोजा आणि ५.६ वजा करा. माझ्याकडे सगळ्यात महाग डबी दुसरी आली. पहिली आली ती एका साध्या, मधल्या किमतीच्या गोळीची. नाव सांगत नाही, कारण तुमच्या बॅरलमध्ये तिचं काय होईल ते देवालाच ठाऊक.

बालेवाडीच्या रेंजवर दुपारनंतर वारा सुटतो. नियमाप्रमाणे झेंड्या फायरिंग लाइनपासून १० आणि ३० मीटरवर असतात. मी १० मीटरची आधी बघते, कारण गोळी तिथे ढकलली गेली तर त्या कोनामुळे पुढे सगळं अंतर तिचं सरकणं वाढत जातं. हलका आडवा वाराही दहाला नऊ करतो, मग रायफल जर्मन असो नाहीतर डिलक्स.

पावसाळ्यात ॲल्युमिनियम स्टॉकचे उपकार कळतात, लाकूड फुगून बेडिंग (ॲक्शनची स्टॉकमधली बैठक) बदलण्याची भानगड नाही. बोल्ट मात्र रोज पुसायचा आणि केसमध्ये सिलिका जेल. मे महिन्यात गोळ्यांची डबी उन्हात ठेवायची नाही, गोळीवरचं मेणट वंगण वितळतं. घरी ड्राय (गोळीविना ट्रिगरचा सराव) करायचं तर रिकामी पुंगळी घालून, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटायची भीती.

तक्रारीच म्हणाल तर वजन. केस धरून जिना चढताना खांदा निघतो. आणि किंमत. हिशोब ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात जुनी अल्टो आली असती." आली असती, खोटं नाही.

कोणी घ्यावी? एअर रायफलवर ज्याचा स्कोअर ठरावीक जागी टिकायला लागलाय आणि ज्याला वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे वेगळे काढता येतात, त्यानं. गोळ्यांचे पैसे नसतील तर क्लबचीच वापरा आणि निदान बटप्लेटच्या खुणा वहीत लिहून ठेवा. लायसन्ससाठी आधी जिल्ह्याच्या असोसिएशनमध्ये नाव नोंदवा, मॅचेस खेळा, सर्टिफिकेटं जमवा. ते कागद हातात नसताना दुकानात बयाणा देऊ नका.