सॅन फ्रान्सिस्को बे एरियातलं बिनपरमिटचं मागचं युनिट लीगल करून देणारी सर्व्हिस: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही (५ पैकी ३.५)

इकडे जुनं घर घेतलेल्या कितीतरी मराठी लोकांकडे मागे एक 'बोनस रूम' असते, लिस्टिंगमध्ये तसंच लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात आधीच्या मालकाने गॅरेजला चिकटवून किचन-बाथरूमसकट उभं केलेलं बिनपरमिटचं घरच असतं ते. आमचंही तसंच, आणि तिथे आम्ही यायच्या आधीपासून एक फिलिपिनो काकू भाड्याने राहतात, केअरगिव्हरचं काम करतात. आज हे युनिट पाडलं तर त्यांना त्या भाड्यात आसपास काहीही मिळणार नाही, म्हणून पाडायचा विषयच नव्हता.

कॅलिफोर्नियात आता यासाठी एबी २५३३ हा कायदा आहे, १ जानेवारी २०२५ पासून लागू. १ जानेवारी २०२० च्या आधी बांधलेलं एडीयू (म्हणजे मुख्य घराच्या आवारातलं छोटं वेगळं घर) असेल तर फक्त बिनपरमिटचं आहे किंवा आताच्या नियमात बसत नाही म्हणून सिटी, म्हणजे इथली नगरपालिका, परमिट नाकारू शकत नाही, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तेवढंच दुरुस्त करून मागू शकते. आधी ही तारीख २०१८ ची होती. (आपल्याकडे २००१ चा गुंठेवारी कायदा आहे ना, साधारण त्याच वळणाचं, फक्त तिथे प्लॉट आणि इथे खोली.)

आता सर्व्हिसबद्दल. यांचे दोन भाग, आधी प्रायव्हेट इन्स्पेक्शन आणि मग ड्रॉइंग-परमिटची धावपळ. पहिल्याला पैकीच्या पैकी मार्क. कायद्यानेच मुभा आहे की अर्ज करायच्या आधी लायसन्स्ड कॉन्ट्रॅक्टरकडून गुपचूप तपासून घ्या, सिटीला कळवायची गरज नाही. जो माणूस आला त्याने चहासुद्धा नको म्हटलं, सरळ बेडरूममधलं कपाट उघडलं, कोटांच्या मागे गॅसचा वॉटर हीटर! त्याने तिथल्या तिथे गॅस बंद केला आणि काकूंना म्हणाला, आज रात्री इथे झोपू नका. मग टेप काढून खिडकी मोजली, जमिनीपासून खालची कड ५० इंचावर, चालते जास्तीत जास्त ४४, आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट. मी घाबरत होतो ते कुंपणापासून चार फूट अंतर नसल्यामुळे, तर तो म्हणाला ते सोडा, त्यावरून सिटी तुम्हाला अडवू शकत नाही. तासाभरात डोक्यावरचं ओझं निम्मं झालं, खरं सांगतो.

दुसरा भाग मात्र जेमतेम. कोटेशनमध्ये 'इम्पॅक्ट फी' (नवीन बांधकामामुळे रस्ते, पार्क वगैरे सोयींवर पडणाऱ्या भारासाठी घेतात ती फी) म्हणून मोठी रक्कम टाकलेली. अहो, हाच कायदा सांगतो की अशा युनिटला इम्पॅक्ट फी लावायची नाही, धोका काढण्यासाठी पाणी-ड्रेनेजची नवीन लाइन लागली तरच कनेक्शन फीचा प्रश्न येतो. दाखवल्यावर काढली, 'जुना टेम्प्लेट होता' म्हणे. त्यात वर नवीन क्वार्ट्झ काउंटरटॉपचा आग्रह, कशाला, काकूंचा ओटा उत्तम आहे. ईमेलला उत्तर यायला आठवडा, आणि युनिट २०२० च्या आधीचं आहे याचे पुरावे, म्हणजे जुने सॅटेलाइट फोटो आणि काकूंचं जुनं भाड्याचं ॲग्रीमेंट, हे सगळं आम्हीच शोधून दिलं, मग तुम्ही नक्की कसली फी घेतलीत?

काम चालू असताना काकू आमच्या गेस्ट रूममध्ये होत्या, आईबाबा पुण्याहून यायच्या आत खिडकी बसली म्हणून निभावलं. हीटर बाहेरच्या भिंतीवर गेला, स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लागले, फायनल इन्स्पेक्शन पास. या कायद्यात भाड्यावर काही बंधन नाही, त्यामुळे लीगल झालं की लगेच भाडं वाढवणारे पण बघितलेत मी. आम्ही तेच ठेवलं, खर्च हळूहळू निघेल. ओळखीतल्या एकाने मात्र तक्रारीच्या भीतीने भाडेकरूला काढून खोलीचं स्टोअररूम केलं, घरं नाहीत म्हणून सगळे ओरडतायत आणि इकडे चांगली राहती जागा बंद, डोकं फिरतं अशाने.

तर माझं मत, इन्स्पेक्शन यांच्याकडूनच करून घ्या, त्याचं बिल वेगळं मागा. ड्रॉइंगला सुटा ड्राफ्ट्समन गाठा आणि अर्ज स्वतः भरा, सिटीला वेबसाइटवर चेकलिस्ट टाकावीच लागते, ती प्रिंट काढून प्रत्येक खोलीत फिरा. आणि कपाटं उघडून बघा.