मकावला जाताय? जुन्या गावात दोन रात्री राहा

पुण्याहून निघणाऱ्या हाँगकाँगच्या पॅकेजमध्ये मकाव बहुतेक वेळा एका दिवसात उरकतात. सकाळची फेरीबोट, सेंट पॉलच्या भग्न दर्शनी भिंतीसमोर फोटो, मग व्हेनेशियन या कॅसिनो-हॉटेलातल्या बनावट कालव्यापाशी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ आणि रात्री परत. आमच्या ग्रुपचाही हाच कार्यक्रम होता. मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा ग्रुपबरोबर परतलो नाही, मागे राहिलो. पुढच्या वेळी तर मी थेट मकावच गाठेन आणि हाँगकाँग एका दिवसात उरकेन, इतकं हे गाव मला आवडलं आहे.

मी पतसंस्था आणि सहकारी बँकांचं ऑडिट करते. कुठेही गेले तरी पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि बुडाला तर वसूल कोण करतं, हे माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं. या प्रश्नांची उत्तरं मकावमध्ये रस्त्यावर दिसतात, फक्त त्यासाठी जुन्या गावात पायी हिंडावं लागतं.

जेमतेम ३३ चौरस किलोमीटरचं गाव, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. पोर्तुगीज इथे १५५७ पासून होते, ते २० डिसेंबर १९९९ ला गेले आणि मकाव चीनकडे आलं. त्यातली जवळजवळ तीनशे वर्षं, १८४४ पर्यंत, मकावचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. हे आमच्या गाइडने एका शब्दाने सांगितलं नाही. सेनादो चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरसबंदी पाहताना सुनंदा म्हणाली, “ताई, हे तर पणजीसारखं वाटतंय.” तिचं बरोबरच होतं.

चौकापासून चार पावलांवर, आल्मेदा रिबेरो रस्त्यावर, तक सेंग ऑन नावाची जुनी गहाणवटीची पेढी आहे. १९१७ सालची ही पेढी आता संग्रहालय म्हणून जपली आहे. मला विचाराल तर अख्ख्या मकावमधली सगळ्यात पाहण्यासारखी जागा हीच. दारातून आत शिरलं की समोर लाकडी आडोसा, आत कोण गहाण टाकतंय हे रस्त्यावरून दिसू नये म्हणून. त्यामागे काउंटर, तोही डोक्याच्या वर. गिऱ्हाइकाने मान वर करून, हात उंचावून आपली वस्तू द्यायची आणि वर बसलेल्याने खाली बघत भाव करायचा. मागच्या बाजूला मालाचा बुरूज आहे. जाड भिंती, फटीएवढ्या खिडक्या, आत मजल्यावर मजले. आग, चोर आणि पूर या तिन्हींचा विचार करून बांधलेला. तारण कसं सांभाळावं याचा इतका विचार मी आजच्या कित्येक संस्थांच्या स्ट्राँगरूममध्येही पाहिलेला नाही.

ही पेढी काढणारे को हो नेंग पुढे १९३७ मध्ये मकावच्या जुगाराचा मक्ता घेणाऱ्या दोघांपैकी एक. म्हणजे एका हाताने जुगाराचा अड्डा आणि दुसऱ्या हाताने हरलेल्याचं घड्याळ गहाण ठेवून घेणारी पेढी. हे वाचल्यावर मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. आजही लिस्बोआ या जुन्या कॅसिनो-हॉटेलाच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर गहाणवटीच्या दुकानांची रांग लागलेली आहे. काचेमागे महागडी घड्याळं, सोनं, हिरे, आणि दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी.

लिस्बोआ हॉटेल १९७० चं. जुगाराचा मक्ता १९६२ पासून स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे होता आणि जवळपास चाळीस वर्षं त्यांचाच एकछत्री अंमल चालला. २००२ मध्ये तो मोडला, २००४ मध्ये सँड्स हा कॅसिनो आला, २००७ मध्ये व्हेनेशियन. २०१३ साली इथल्या कॅसिनोंची कमाई सुमारे ४५ अब्ज अमेरिकी डॉलर होती, लास व्हेगासच्या मुख्य पट्ट्याच्या जवळपास सातपट. आम्ही जुन्या लिस्बोआतही गेलो आणि कोताई या समुद्रात भराव घालून केलेल्या भागातल्या नव्या राजवाड्यांतही. आत जायला पैसे पडत नाहीत, वय २१ पूर्ण हवं, फोटो काढायचे नाहीत. नवे कॅसिनो चकाचक आहेत पण सगळे एकाच साच्यातले. एक पाहिलात तर पुरे.

जुन्या लिस्बोआत बाक्कारा या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलामागे जरूर उभे राहा. इथे मुख्य खेळ तोच. माणसं पान सरळ उलटत नाहीत. कोपरा धरून हळूहळू मुडपतात, कडेने किती ठिपके दिसतात ते बघतात, मागचे लोक ओरडून खेळणाऱ्याला जोर देतात. पान वाटून झालेलं असतं, आता काहीही बदलणार नसतं, तरी अख्खं टेबल श्वास रोखून असतं. बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू असतात; बँकरवर पैसे लावले तर कॅसिनोचा वाटा सुमारे १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, आणि बरोबरीवर लावले तर १४ टक्क्यांहून जास्त. वाटा लहान दिसतो, पण तो सरासरीने प्रत्येक डावाला कापला जातो आणि डाव मिनिटा-मिनिटाला होतो. मी खेळले नाही आणि तुम्हीही खेळू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. दैवगतीच्या नावाखाली घरं बुडालेली मी कागदावर पाहिली आहेत.

आता गुंडांविषयी, कारण पुण्यात परतल्यावर सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. चीनच्या मुख्य भूमीवर जुगार बेकायदा, आणि तिथे एका माणसाला वर्षाला ५० हजार अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन घेता येत नाही. मग मोठा खेळाडू मकावमध्ये कोट्यवधी लावतो कसा? मधले दलाल, इथल्या भाषेत जंकेट. ते खेळाडू आणतात, त्याला मकावमध्ये उधारीवर चिप्स देतात आणि वसुली चीनमध्ये करतात. ती वसुली तिथल्या कोर्टात होत नाही. ज्या कर्जामागे कायदा उभा राहत नाही त्याच्यामागे दांडगाई उभी राहते, हे आपल्याकडच्या बेकायदा सावकारीतही मी पाहिलं आहे. मकावमध्ये ही जागा ट्रायड म्हणजे चिनी गुन्हेगारी टोळ्यांनी घेतली. दलाल बड्या खेळाडूंना ज्या खास खोल्यांत खेळवत, त्यांच्या धंद्यावरून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘१४के’ ही ट्रायड टोळी आणि तिच्या विरोधी टोळ्यांत रस्त्यावर खून पडले, गाड्यांत बाँब फुटले. १ मे १९९८ ला पोलीसप्रमुखाची गाडी उडवली गेली, तो बचावला, आणि त्याच दिवशी ‘१४के’चा म्होरक्या वान कुओक-कोई पकडला गेला. त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ च्या डिसेंबरात तो सुटला.

पुढे सरकारनेच दलालांचं कंबरडं मोडलं. सर्वांत मोठ्या जंकेटचा मालक आल्विन चाऊ २०२१ मध्ये अटकेत गेला, २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. आज पर्यटकाला यातलं काहीच जाणवत नाही. आम्ही दोघी रात्री अकराला जुन्या गल्ल्यांतून चालत हॉटेलवर आलो, एकदाही भीती वाटली नाही.

टूरवाले जिथे नेत नाहीत अशा आणखी दोन ठिकाणांबद्दल सांगायलाच हवं. पहिलं ‘मूरिश बराक्स’. ‘बारा’ नावाच्या टेकडीवर, पिवळ्या-पांढऱ्या कमानींची इमारत. १८७४ मध्ये मकावच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून हिंदी पलटण आणली, तिच्यासाठी ती बांधली. आपल्या क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च आठवा. सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी तिथे जागा दिली होती. गोव्याची माणसं पोटासाठी एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे चीनच्या किनाऱ्यापर्यंत गेली. त्या व्हरांड्यात उभं राहून मला फार भरून आलं.

दुसरं, लिन फुंग मंदिर. अफूबंदीसाठी आलेला चिनी अधिकारी लिन झेशू १८३९ मध्ये इथे आला होता, आवारात त्याचा पुतळा आहे. ती अफू आली कुठून? बरीचशी माळव्यातून, शिंदे-होळकरांच्या मुलखातून, त्यातली काही इंग्रजांना चुकवून दमणमार्गे मकावला. हा आपलाही हिशेब आहे आणि आपल्या मुलांना तो माहीत असायला हवा. त्या व्यापारात मुंबईचे पारशी होते. त्यांची छोटी दफनभूमीही गिया टेकडीच्या उतारावर आहे.

खाण्याचं. आम्ही सीकेपी, त्यामुळे माझी चंगळ झाली. मकानीज जेवणात मलाक्का, गोवा, आफ्रिका सगळं येतं. आफ्रिकन चिकनची तिखट, दाट ग्रेव्ही आपल्या जिभेला लगेच पटते, आणि बालिशाँव म्हणजे खारवलेल्या कोळंबीचा आंबवलेला ठेचा, जवळा आवडणाऱ्याने चुकवू नये. कोलोआनमधल्या लॉर्ड स्टोच्या बेकरीतला एग टार्ट गरम असतानाच खा. वरून करपलेला, आतून लुसलुशीत. सुनंदा माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, तिचे मात्र खरोखर हाल झाले. मुगाच्या पिठाची बदामी बिस्किटं तिला आवडली असती, पण काही दुकानांत त्यात डुकराची चरबी असते, म्हणून तिने घेतली नाहीत. शाकाहारी लोकांनी मेतकूट, थेपले, सुका खाऊ बरोबर न्यावा. सुनंदाच्या हालांची भरपाई आ-मा मंदिराने केली. सागरदेवीचं देऊळ, छताला टांगलेली उदबत्तीची मोठमोठी वेटोळी, नवस बोलणारे लोक. सुनंदा तिथे घरच्यासारखी रमली.

सध्या भारतीय पासपोर्टला मकावमध्ये ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण हाँगकाँगमार्गे जाणार असाल तर तिथली ऑनलाइन पूर्वनोंदणी आधी करा. मागे थांबून परत हाँगकाँगला येणार असाल तर दुसऱ्यांदा आत घेतील ना, हेही आधीच तपासा. हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात, सुटे मात्र पटाका या मकावच्या चलनात मिळतात आणि ते मकावबाहेर कोणी घेत नाही. बसचं तिकीट ६ पटाका, सुटे हातात ठेवा. कॅसिनोंच्या फुकट बसगाड्या बंदर आणि सीमेपासून सुटतात, खेळायची सक्ती नसते. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष गर्दीचा. नोव्हेंबर उत्तम. गाव चढउताराचं आहे, सेंट पॉलच्याच ६८ पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी तो भाग सकाळी लवकर करावा. आणि टूरवाल्याला बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा: व्हेनेशियनचा मोकळा वेळ नको, आल्मेदा रिबेरोजवळचं हॉटेल द्या.