बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र: प्रवेश सोपा, पाचव्या सेमचं दार अवघड

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगला नंबर लागेल का, याची चौकशी सुरू होते. लागलेला नंबर चार वर्षांनी पदवीपर्यंत पोचेल का, हे फारसं कुणी विचारत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, पाचपैकी चार तारे, कागदपत्रांच्या भागाला दोन, आठ सेमिस्टरच्या रचनेला साडेतीन. रचना चांगली आहे, पण तिचे नियम पहिल्या दिवशी वाचले नाहीत तर ती वर्ष खाते.

आधी पात्रता. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावी विज्ञान शाखेतून, आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के. इंग्रजीत पास असलं की झालं, त्याचे गुण या बेरजेत येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत, म्हणजे ४०. घोळ नेमका इथेच होतो. तिन्ही विषयांत काठावर ३५-३५ मिळाले तर मुलगी बारावी पास होते, पण बेरीज होते ३०० पैकी १०५. खुल्या प्रवर्गाला १३५ लागतात, सवलतीत १२०. एकूण टक्केवारी ६२ असलेली मुलगी या तीन विषयांत १३४ वर अडकू शकते आणि त्या एका गुणाला कुणी वर ढकलत नाही. जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्यांना ही वाट बंदच. त्यांनी जीएनएमकडे पाहावं. तो तीन वर्षांचा डिप्लोमा, कोणत्याही शाखेतून ४० टक्क्यांवर होतो आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं.

२०२१ आणि २०२२ मध्ये राज्यात या पदवीसाठी नीट लागायची. डॉक्टरकीची परीक्षा देऊन नर्सिंगला येणं हा प्रकारच विचित्र होता. २०२३ पासून राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड यांचे प्रत्येकी २० असे १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चाळीस गुण इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूडचे आहेत, म्हणून नीटच्या क्लासच्या नोट्स घोकून आलेली मुलं इथे मागे पडलेली दिसतात. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार किमान पातळी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना ४० पर्सेंटाइल. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० गुण असं समजून घरी रडारड होते. ते गुण नसतात, परीक्षेला बसलेल्यांत तुमची जागा कुठे आहे ते असतं.

कागदपत्रांना दोनच तारे का? कारण परीक्षेत तरलेली मुलं इथे गळतात. जातीचा दाखला आहे पण वैधता प्रमाणपत्र नाही, नॉन-क्रीमीलेयर आहे पण मुदत ३१ मार्चला संपलेली, दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं. वैधतेचं प्रकरण अकरावीत असतानाच जात पडताळणी समितीकडे टाका. जूनमध्ये धावपळ करून ते वेळेत हातात येईल याची खात्री नाही. पसंतीक्रम भरताना जी कॉलेजं खरोखर हवीत तीच, त्याच क्रमाने भरा. ‘इथे लागणार नाही’ म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलणं हा निव्वळ तोटा आहे. आणि संस्थास्तरावर ‘सीट फिक्स करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना मिळणारी पूर्ण शुल्कमाफी केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्यांसाठी आहे.

सैन्याच्या नर्सिंगची वाट वेगळी. पुण्याचं एएफएमसी (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं अश्विनी (नौदलाचं रुग्णालय) इथली आणि इतर चार कॉलेजं, फक्त अविवाहित मुलींसाठी, आणि तिथे आजही नीटचेच गुण लागतात. नीट द्यायचीच असेल तर ती यासाठी द्या.

आता मुख्य गोष्ट. परिषदेचा नवा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू झाला. वार्षिक पद्धत गेली, आठ सेम आणि क्रेडिट आले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत तोच चालतो. विषय राहिला तरी पुढच्या सेमच्या वर्गात बसता येतं. हे ऐकून पहिल्या वर्षाची मुलं निर्धास्त होतात आणि इथेच गाडी घसरते. वर्गात बसता येतं, परीक्षेला नेहमीच बसता येतं असं नाही. पाचव्या सेमच्या परीक्षेआधी मागचं सगळं निघालेलं हवं. तसंच सातव्याआधी आणि पुन्हा आठव्याआधी. पहिल्या सेमचा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर राहिलेली मुलगी चौथ्यापर्यंत मैत्रिणींबरोबर असते, पाचव्याचे वर्गही करते, आणि परीक्षेच्या वेळी तिचं नाव यादीत नसतं. सगळं आठ वर्षांत संपवावं लागतं.

पास व्हायला थिअरी आणि प्रॅक्टिकलला स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात, फक्त इंग्रजी आणि इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) ४०. थिअरीत २५ अंतर्गत आणि ७५ विद्यापीठाचे. पहिल्या सेमच्या एकाच पेपरात अ‍ॅनाटॉमी ३७ आणि फिजिऑलॉजी ३८ गुणांना असते. एकीवर पाणी सोडून दुसरीच्या जोरावर तरून जायचा हिशेब सहसा फसतो. त्याहून मोठा सापळा तिसऱ्या सेमला. फार्माकॉलॉजी-१ आणि पॅथॉलॉजी-१ ला तिथे विद्यापीठाचा पेपरच नाही, अंतर्गत गुण चौथ्या सेमला जोडले जातात. पेपर नाही म्हणून वही उघडली जात नाही. मग चौथ्याला एकाच पेपरात फार्माकॉलॉजी ३८, पॅथॉलॉजी २५, जेनेटिक्स १२ असं सगळं एकदम अंगावर येतं. पहिल्या सेमचा विषय काढायला सवड तरी असते. चौथ्याचा राहिला तर पाचव्याचं दार समोरच उभं. ग्रेसचे जास्तीत जास्त पाच गुण मिळतात, पण एकाच विषयाच्या थिअरीला आणि त्या सेमचे बाकी सगळे विषय निघालेले असतील तरच.

हजेरीचे दोन वेगळे नियम आहेत आणि सीनिअर बहुतेकदा एकच सांगतात. परीक्षेला बसायला ८० टक्के हवी. पदवी मिळायला प्रत्येक प्रॅक्टिकल विभागात १०० टक्के. पहिल्या सेमच्या नर्सिंग फाउंडेशनचं उदाहरण घ्या. वॉर्डातले तास १६०. त्यातले १२८ भरले की परीक्षा देता येते, पण उरलेले ३२ माफ होत नाहीत. सहा तासांची ड्युटी धरली तर पाच दिवसांहून जास्त काम अंगावर उधार राहतं, आणि ते सहसा दिवाळीच्या सुट्टीत फेडावं लागतं. कांजिण्या, लग्नकार्य, गावची जत्रा, कारण काहीही असो, तास भरावेच लागतात. ड्युटी बुडली की त्याच आठवड्यात भरपाईची तारीख मागून लॉगबुकमध्ये सही घ्या. चौथ्या वर्षी जुनी पोस्टिंग शोधत फिरणं फार जड जातं. फर्स्ट एड, हेल्थ असेसमेंट, बीसीएलएस (हृदय-श्वास बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) ही अनिवार्य मॉड्यूल्सही ५० टक्क्यांनी पास व्हावी लागतात. त्यांना कुणी ‘विषय’ म्हणत नाही, म्हणून ती विसरली जातात.

आठवं सेम म्हणजे २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. अ‍ॅडल्ट हेल्थला सहा आठवडे, कम्युनिटी, बाल, मानसिक आरोग्य आणि मिडवायफरीला चार-चार. या रचनेतला सर्वांत उपयोगी भाग हाच, अर्थात हॉस्पिटलमध्ये पेशंट असतील तर.

म्हणून कॉलेज पाहायला जाताना इमारत आणि हॉस्टेल नंतर बघा. परिषदेच्या नियमात कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल हवं आणि दर विद्यार्थ्यामागे तीन पेशंट. सकाळी दहाच्या सुमारास वॉर्डात एक फेरी मारा आणि भरलेल्या खाटा मोजा. मग तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एवढंच विचारा की त्यांच्या बॅचमधल्या किती जणी पाचव्या सेमच्या परीक्षेला वेळेवर बसल्या.