गाठीची तपासणी: बारीक सुई की जाड सुई?

स्तनातल्या गाठीसाठी अमळनेरहून मावशीला जळगावला नेलं, तेव्हा तिला एकच धास्ती: सुई टोचली की गाठ पसरते. या भीतीला आधार नाही. एफएनएसी म्हणजे बारीक सुईची तपासणी; तिची सुई इंजेक्शनच्या सुईएवढीच. पेशी ओढून काचपट्टीवर पसरायच्या, रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी. गाठ पाण्याची असेल तर तिथेच रिकामी होते. पण सुट्या पेशींवरून कर्करोग दूधनळीबाहेर घुसलाय का, ते कळत नाही.

कोअर बायोप्सीत, म्हणजे जाड सुईच्या तपासणीत, जागा बधिर करून साधारण १४ गेजच्या सुईने शेवईसारखे तुकडे काढतात. खटका वाजतो, मावशी दचकलीच! तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात, रिपोर्टला काही दिवस लागतात, खर्चही जास्त. तरी गाठ संशयास्पद असेल तर मी हीच करा म्हणेन. ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) त्याच तुकड्यांवर तपासतात आणि औषधं बरीचशी त्यावरूनच ठरतात.